खंडेनवमीला पेटी उचलत नाहीत

आमच्या खात्यात माझ्या पदाचं नाव औषधनिर्माण अधिकारी असं होतं. साऱ्या नोकरीत मी एकही औषध निर्माण केलं नाही. सरकारकडून खोके यायचे, ते उघडायचे, डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाबरहुकूम गोळ्या खिडकीतून द्यायच्या आणि ‘ही जेवणाआधी, ही जेवणानंतर’ असं सांगायचं, हे माझं काम. दुष्काळी माण तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात लोक मला ‘गोळ्याचं सायेब’ म्हणत. सरकारपेक्षा त्यांनाच माझं काम नीट कळलं होतं.

मला त्या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. वडील मेंढरं राखायचे. दहिवडीच्या वसतिगृहात राहून मी बारावी झालो आणि सांगलीला औषधशास्त्राची पदवी घेतली. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा आईने तो देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवला. पुढे नोकरीच्या मुलाखतीला तो न्यायचा होता. मी हात घातला तर आई म्हणाली, “आदी आंगुळ करून ये.” तिच्या हिशेबाने ती पदवी आता माझी राहिली नव्हती, देवाची झाली होती. मी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, पदवी मागून घेतली, आणि मुलाखतीला उशिरा पोचलो. तरीही ज्यांनी मला घेतलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

ही आठवण उगाच सांगत नाही. आपली माणसं मोलाच्या वस्तूचं काय करतात हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. ते कळायला निवृत्ती जवळ यावी लागली.

औषधाच्या खिडकीची एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. खिडकी बुटकी असते, त्यामुळे माणसाचा चेहरा नंतर दिसतो आणि हात आधी. कापलेला, भाजलेला, काटा मोडलेला हात थेट आत येतो. खरं म्हणजे त्याने आधी डॉक्टरांकडे जायचं असतं. पण खिडकी दाराजवळ पडते, आणि लोकांच्या मते डॉक्टर लिहितात, औषध मी देतो, मग मधला हेलपाटा कशाला.

त्या हातांवर घरून काय काय लावून आणलेलं असे. चुलीतली राख, विडीची राख, तपकीर, चुना, कोळ्याचं जाळं, कॉफीची पूड. एकदा एक गृहस्थ आले. भजी तळताना तेल उडालं होतं आणि मनगटापासून कोपरापर्यंत टूथपेस्टचा गिलावा केलेला.

“किती लावलीत?” मी विचारलं.

“समदी ट्यूब. नवीच फोडली.”

मागून त्यांची बायको म्हणाली, “आन् सकाळपास्नं समदं घर तसंच बसलंय, बिन दात घासता.”

भाजल्यावर पहिलं औषध पाणी. साधं गार पाणी, चांगला वेळ. टूथपेस्टने काही थांबत नाही, उलट ती वाळते आणि मग खरवडून काढताना माणूस भाजताना ओरडला नसेल इतका ओरडतो. हे मी सगळ्यांना सांगायचो. पुस्तकात लिहिलं होतं, भाजलेला भाग वाहत्या पाण्याखाली धरावा. तसं मी एका म्हातारबांना सांगितलं. ते मला न्याहाळून म्हणाले, “सायेब, तुमी माणचंच न्हवं?”

तेव्हापासून मी पुस्तकातलं वाक्य बदललं. हात घमेल्यावर धरायचा, तांब्याने सावकाश पाणी ओतत राहायचं, आणि घमेल्यातलं पाणी मग शेळीला दाखवायचं. एवढं सांगितलं की लोक मान हलवायचे. पाणी वाया जाणार नसेल तर औषधाला त्यांची हरकत नव्हती.

आमच्या केंद्रात शेवटी शेवटी ज्या डॉक्टर मॅडम आल्या, त्या सांगलीच्या. वडिलांचा हळदीचा व्यापार. मला काका म्हणायच्या. एके दिवशी हळदीने गच्च भरलेली एक जखम धुऊन त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या.

“काका, जखमेत हळद भरू नका असं मी दिवसभर सांगते,” त्या म्हणाल्या, “आणि प्रत्येक वेळी मला आमचे पप्पा डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या पोटावर पाय देतेय असं वाटतं.”

“जखमेत जाते तेवढ्या हळदीने त्यांचं काही बिघडायचं नाही.”

“तुम्ही आजची जखम बघितली नाही.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “लोक हे का लावतात? कारण घरात दुसरं काही नसतं. घरातच एक पेटी असायला पाहिजे.”

पेट्यांसाठी सरकारी पैसा येणार नव्हता. मॅडम म्हणाल्या, नको. घरात आहे त्यातूनच करू. आणि हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मला निवृत्तीला थोडा काळ उरला होता. खिडकीच्या आत बसून आयुष्य गेलं, जाताजाता खिडकीबाहेरचं काहीतरी हातून व्हावं, अशी इच्छा होती.

घरची पेटी करायला फार काही लागत नाही. झाकण घट्ट बसेल असा डबा. जुनं सुती धोतर किंवा लुगडं. ते धुवायचं, उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं, रुंद पट्ट्या फाडायच्या आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवायच्या. नव्या बँडेजपेक्षा जुनं धोतर मऊ असतं. साबणाची एक वडी, पेटीचीच. बारकी कात्री, काटे काढायचा चिमटा, थोड्या पिना, जुलाबावर पाण्यात मिसळायची पावडर, बॅटरी. झाकणाच्या आतून रुग्णवाहिकेचा नंबर चिकटवायचा. कापूस असावा, पण तो जखमेवर थेट ठेवायचा नाही, त्याचे धागे चिकटतात. आणि गोळ्या ठेवायच्या नाहीत. गोळ्याचाच साहेब असं सांगतो म्हटल्यावर लोक हसायचे. पण मी एका गुरुजींचं घर पाहिलेलं होतं. त्यांनी बिस्किटांच्या बरणीत वर्षानुवर्षांच्या उरलेल्या गोळ्या साठवल्या होत्या. पांढरी तापाची, गुलाबी अंगदुखीची, पिवळी कशाची ते आठवत नाही पण चांगली आहे, असा कारभार. त्यातली एक भलीमोठी गोळी मी उचलली.

“ही कुणाची?”

“ती शेळीची,” गुरुजी म्हणाले. “जंतावरची. जोडी होती, दुसरी सापडत नाही.”

आत त्यांच्या सासूबाई खोकत होत्या. आम्ही दोघांनीही तो विषय तिथंच सोडला.

पेटीसाठी मी निवडली ती मेंढपाळांची एक वाडी. माझ्या गावाच्या पलीकडचीच. तिथले बरेच तरुण मुंबईत माथाडी कामाला, त्यामुळे घरी म्हातारी माणसं, बायका आणि मेंढरं. या वाडीत कुठलीही गोष्ट चालू करायची तर बायडाआक्कांना विचारावं लागे. आक्का सत्तरीच्या, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचे मालक, नाना, दिवसभर मेंढरांमागे. मुलगा मुंबईला. घरात सून संगीता. आक्कांनी एखादी गोष्ट केली की वाडी करायची, आणि आक्कांनी नाक मुरडलं की तलाठीसुद्धा परत जायचा.

देवळासमोरच्या पारावर आम्ही सभा घेतली आणि ज्याने त्याने आपला डबा घेऊन यावं असं सांगितलं. एकाने साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका आणला. त्यात पट्ट्या ठेवून तो निघाला तोवर मुंग्या त्याच्या आधी आत पोचल्या होत्या. फौजेतून आलेल्या एका सुभेदारांनी आपली काळी ट्रंक आणली. ती उचलायला दोन माणसं लागली.

मी म्हटलं, “सुभेदार, एवढी जड पेटी पेशंटपर्यंत न्यायची कशी?”

“नेनेकी जरूरत नहीं,” ते म्हणाले. “पेशंट इधर रिपोर्ट करेगा.”

आक्का रिकाम्या हाताने आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डबा-बिबा न्हाई चालायचा. करायचं तर पेटी करायची. कुलपाची.” मग आक्कांसाठी मीच रहिमतपूरच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्या चाचांकडून पेटी करून घेतली. कशासाठी ते कळल्यावर चाचांनी तिला हिरवा रंग, पितळी कडी आणि झाकणावर लाल अधिकाचं चिन्ह दिलं, आणि म्हणाले, “साहब, कुलूप नसलेली पेटी म्हणजे दार नसलेलं घर.” मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं.

काही आठवड्यांनी मी पेट्या पाहायला वाडीत गेलो. एकाही पेटीत पेटीचं सामान नव्हतं. कात्री शिवणकामाला गेली होती. कापसाच्या वाती झाल्या होत्या. साबण पाहुणे आले तेव्हा निघाला होता. पट्ट्यांची बाळाची लंगोटी झाली होती, आणि बाळ मजेत होतं, त्यामुळे मला रागावताही येईना. सुभेदारांच्या ट्रंकेत तेवढं सगळं जागेवर होतं, पण वर गव्हाची पोती रचलेली होती.

मी पारावर पुन्हा सगळ्यांना जमवलं. भाषण करायची मला सवय नाही, पण त्या दिवशी शब्द सुचले. मी म्हटलं, “आक्का, तुमची लोकर कातरायची कातर आहे. तिने कुणी कागद कापतं का?”

“हात तोडीन,” आक्का म्हणाल्या.

“तशीच ही पेटी आहे. कातर, कोयता, कुऱ्हाड, तसंच हे घरातलं एक हत्यार. त्याचा मान राखा. दुसऱ्या कामाला त्याला हात लावू नका.”

आक्का हळूहळू मान हलवत होत्या. माझ्या बोलण्याचा कुणावर इतका परिणाम झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. घरी जाताना मी मोटारसायकलवर गुणगुणत होतो.

परिणाम खरोखर झाला होता. पुढच्या खेपेला गेलो तर आक्कांची पेटी देव्हाऱ्यात. कुलूप लावलेलं, किल्ली आक्कांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. वाडीतल्या बाकीच्या पेट्याही फळीवर, उंच, कुणाचा हात पोचणार नाही अशा. सामान जागेवर होतं. इतकं जागेवर की कुणी कशालाच हात लावत नव्हतं.

त्याच वेळी संगीताच्या बोटाला चुना लावलेला दिसला.

“काय झालं?”

“तवा लागला,” आक्काच म्हणाल्या.

“मग पेटी उघडली नाही?”

“यवढ्याशा भाजल्याला पेटी?”

“मग पेटी कशाला आहे?”

“मोठं काय झालं तर.”

“मोठं काही झालं तर दवाखान्यात आणायचं, आक्का. पेटी लहानसाठीच आहे.”

“ल्हानाला चुना हाय की.”

यावर सांगलीच्या कॉलेजात मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या मनाने एकच घेतलं: निवृत्त होण्याआधी आक्कांची पेटी एकदा तरी उघडलेली पाहायची. आक्कांची उघडली की वाडीची उघडेल. मी दर पंधरवड्याला काहीतरी निमित्त काढून जायचो, घमेलं-तांब्या घेऊन भाजल्याचं करून दाखवायचो, जखम कशी दाबून धरायची ते सांगायचो. आक्का पुढं बसून सगळं ऐकायच्या, देवळातली पोथी ऐकावी तशा. मागे चुलीपाशी संगीता भाकरी थापता थापताच काहीतरी विचारायची.

“सायेब, पट्टी वली झाली तर?”

“बदलायची.”

“रगत पट्टीतनं वर आलं तर सोडून बगायचं?”

“सोडायची नाही. त्याच्यावरच दुसरी ठेवायची आणि दाबायचं.”

“आन् चिमट्याला काटा सापडला न्हाई तर?”

“उकरत बसायचं नाही. आमच्याकडे पाठवायचं.”

मला वाटायचं, पोरगी मर्यादशील आहे, साहेबाला बरं वाटावं म्हणून विचारते. माझं लक्ष आक्कांच्या गळ्यातल्या किल्लीकडे असायचं.

मॅडम रोज विचारायच्या, “काका, उघडली का?” मी मान हलवून नाही म्हणायचो. एक मात्र लक्षात आलं होतं. त्या वाडीची माणसं आमच्या खिडकीशी कमी दिसू लागली होती. राख नाही, तपकीर नाही. मला वाटलं, माझ्या सारख्या सांगण्याला कंटाळून लोक दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले असावेत. मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही जरा कमी जात जा.”

नवरात्रात आक्कांचा निरोप आला. खंडेनवमीला या, पेटीची पूजा मांडलीय, तुमच्या हातनं नारळ फुटला पायजे.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार घासूनपुसून, हळदकुंकू लावून मांडायचं. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला विश्रांती. ते उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शीव ओलांडून आल्यावर मग हात लावायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरी तेच होतं.

मी गेलो. ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. त्यावर लोकरीची कातर, कोयता, कुऱ्हाड, नानांची काठी, आणि मधोमध हिरवी पेटी. तिला झेंडूची माळ. लाल चिन्हावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आईने माझ्या पदवीला असंच ठेवलं होतं.

वाडीतल्या दहा-पंधरा बायका जमल्या होत्या. नाना आज बिनकाठीचे मेंढरं घेऊन रानात होते. पेटी सायबांची म्हणून नारळाचा मान मला. मी नारळ हातात घेतला आणि सवयीने कोयत्याकडे पाहिलं.

“आवं सायेब,” आक्का म्हणाल्या, “आज कोयता उठत न्हाई. दगुड हाय की फुडं.”

ओसरीच्या पायरीशी एक दगड ठेवला होता. मी नारळ दोन्ही हातांनी वर नेला आणि आपटला. नारळ फुटला नाही, नुसता चिरला. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, “गोळ्या दिऊन फुटत न्हाई म्हणावं त्यो.” मग मात्र मी जोर लावला. नारळ फुटला, पाणी पेटीवर उडालं, आणि करवंटीची धार माझ्या डाव्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी सरळ आत गेली.

पहिल्या क्षणी काही कळलं नाही. मग पायरीवरचा नारळाचा पांढरा तुकडा लाल झालेला दिसला.

नोकरीत मी पुष्कळ रक्त पाहिलं, पण ते खिडकीतून आत येणारं होतं. स्वतःचं पाहायची मला सवय नव्हती. मी पायरीवर बसलो. एक बाई तपकीर आणायला धावली, दुसरी चुलीकडे.

“राख नको,” मी म्हटलं. “आक्का, पेटी उघडा.”

आक्कांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा कासावीस झाला होता, पण हात गळ्याकडे गेला नाही.

“पूजा झालीया, सायेब.”

“अहो, रक्त येतंय.”

“दिसतंय की मला. पर आज हत्यार उठत न्हाई.”

“आक्का, हे हत्यार नाही. ही पेटी आहे.”

“तुमीच म्हणलासा की,” आक्का म्हणाल्या. “पारावर, समद्यांच्या म्होरं. कातर, कोयता, कुऱ्हाड, तसंच हे.”

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. साहेब तसं म्हणाले होते, हे सगळ्यांना नीट आठवत होतं. इतक्या वर्षांत मी सांगितलेली दुसरी कुठलीच गोष्ट लोकांना शब्दासकट आठवलेली मला ठाऊक नाही.

मी उजव्या हाताने जखम दाबून धरली होती. बोटांमधून रक्त येत होतं. समोर हातभर अंतरावर, झेंडूच्या माळेखाली, उकळून वाळवलेल्या धोतराच्या पट्ट्या, साबण, सगळं माझ्याच यादीप्रमाणे, कुलपात. आक्का देवाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा परवानगी मागत होत्या. देव विचार करत असावा.

तेवढ्यात आतून संगीता आली. पदर खोचलेला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मिसळणाचा जुना गोल डबा, स्वयंपाकघरात मोहरी-जिऱ्याला असतो तो. तिने डबा पायरीवर ठेवला, उघडला. मोहरीच्या वाटीत पिना. जिऱ्याच्या वाटीत चिमटा. मेथीच्या वाटीत साबणाचा तुकडा. वरच्या थाळीत पिशवीत गुंडाळलेल्या पट्ट्या.

तिने आधी स्वतःचे हात धुतले. मग माझ्या हातावर तांब्याने पाणी धरलं. घमेलं खाली ठेवायला विसरली नाही.

“सायेब, तिकडं बगू नगा,” ती म्हणाली. “हात वर धरा. आणिक वर.”

“मला माहीत आहे.”

“माहीत हाय तर धरा की.”

तिने पट्टीची घडी जखमेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. दाबूनच धरली. रक्त वर आलं तेव्हा सोडून पाहिलं नाही, त्यावर दुसरी घडी ठेवली. मग मनगटाभोवती पट्टी फिरवून गाठ जखमेपासून लांब मारली. गाठ लांब मारायची हे मी एकदाच सांगितलं होतं, तेही जाताजाता, मोटारसायकलला किक मारताना.

आक्का आता देवाकडून वळल्या होत्या. त्यांची नजर माझ्या हातावर नव्हती.

“ह्यो माझा मिसळणाचा डबा न्हवं का? आखाडापास्नं हुडकतीया मी.”

संगीता माझ्या पट्टीची गाठ पुन्हा ताणून पाहू लागली. बाकीच्या बायकांना एकदम ओसरीचं छप्पर पाहावंसं वाटलं. तपकीर आणायला गेलेली बाई परत आली, तिने डबा पाहिला आणि सहज म्हणाली, “आगं संगे, परवा पोराच्या गुडघ्याला बांदलीस ती पट्टी धुऊन वाळवलीया बग, घराकडं ठिवलीया.”

मग सगळं बाहेर आलं. देव्हाऱ्यातल्या पेटीला हात लावायचा नाही, म्हणून संगीताने माझ्या सांगण्याप्रमाणे दुसरी भरली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. वाडीतल्या बायका पाण्याला जातायेता मागच्या दाराने यायच्या. भाजलेलं, कापलेलं, काटा मोडलेलं. चिमट्याला न सापडलेले काटे तेवढे तिने आमच्याकडे पाठवले होते. त्या वाडीची माणसं माझ्या खिडकीशी का दिसेनाशी झाली होती, याचा मी इतके दिवस भलताच अर्थ लावत होतो.

आक्का डब्याजवळ आल्या, वाकल्या, झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“ह्याला हळदकुकू लागलंय का?”

“न्हाई, आत्या,” संगीता म्हणाली.

आक्कांनी झाकण परत डब्यावर ठेवलं. “पूजा झाली न्हाई म्हंजी ह्यो उठला तर चालतंय,” त्या म्हणाल्या, आणि ओसरीवरच्या साऱ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. मग आक्का माझ्याकडे वळल्या. ‘आवं सायेब’ वगैरे सगळं संपलं होतं. “आरं लेकरा, हात खाली का सोडलास? वर धर.”

आरोग्य केंद्रात मॅडमनी पट्टी सोडून पाहिलं. टाक्यांची गरज नव्हती. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना त्यांना सगळी हकिकत सांगावी लागली आणि सुई धरलेला त्यांचा हात हसण्याने हलायला लागला, म्हणून ते जरा थांबून घ्यावं लागलं. पट्टीला अजून त्या डब्याचा पिवळा डाग आणि वास होता. मॅडमनी नाकाजवळ नेली.

“काका, शेवटी हळद आलीच,” त्या म्हणाल्या. “पप्पांना सांगते.”

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी केंद्राच्या ओट्यावर बसलो होतो. वाडीकडच्या रस्त्याने आक्का येताना दिसल्या. नवं लुगडं, एका हातात आपट्याची पानं, डोक्यावर हिरवी पेटी. मागून संगीता. शीव ओलांडून आल्या होत्या. पेटीच्या झाकणावरचं कुंकू वाळून तडकलं होतं.

आक्कांनी मला सोनं दिलं, मी पाया पडलो. मग त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली, गळ्यातला दोरा काढला आणि कुलूप उघडलं. कितीतरी महिने ज्या आवाजाची मी वाट पाहत होतो तो एवढासाच होता.

“हात आण इकडं,” आक्का म्हणाल्या.

“कालची पट्टी चांगली आहे, आक्का.”

“दुसऱ्या दिवशी बदलायची म्हणलं हुतंस.”

म्हटलं होतं. मी हात पुढं केला. आक्कांनी नळाशी जाऊन पेटीतल्या नव्या साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, मेंढरू धुवावं तसे. परत येऊन बसल्या आणि विचारलं, “काल नारळ फोडायच्या आदी तू हात धुतला हुतास का?”

मी नाही म्हटलं. त्यांनी संगीताकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, बघ, काय काय शिकवावं लागतं.

मग त्यांनी बांधायला घेतलं. घडी ठेवली, दाबली, पट्टी फिरवली. ती संपली तेव्हा दुसरी काढली. दुसरी संपल्यावर तिसरी. मी म्हटलं, “आक्का, पुरे.” त्या म्हणाल्या, “पयला मान हाय पेटीचा. अर्धामुर्धा न्हाई करायचा.” एक धोतर, नानांचं लग्नातलं, सगळंच्या सगळं माझ्या हातावर गेलं. शेवटी पिना लावल्या, होत्या तेवढ्या. हात भोपळ्याएवढा झाला. मॅडम दारात उभ्या राहून भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. तो हात घेऊन मी दिवसभर लोकांना सोनं वाटलं, आणि आक्का ओट्यावर होत्या तोवर काय झालं असं विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांनीच उत्तर दिलं.

पेटी रिकामी झाली होती. आक्कांनी ती उलटी करून झटकली, समाधानाने आत पाहिलं. कुलूप लावायला गेल्या आणि थांबल्या.

“रिकाम्या पेटीला कुलूप कशाला,” त्या म्हणाल्या. दोरा-किल्ली त्यांनी पेटीतच टाकली आणि पेटी संगीताच्या हातात दिली. “घरी गेल्यावर दुसरं धोतार उकळाय टाक. आन् हे बग.”

“काय, आत्या?”

“माझा मिसळणाचा डबा घासून जाग्यावर ठिव.”